पान अडतीस

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी एका अनोळखी बाईच्या खोलीचं दार उघडायला बघत होतो. कार्ड लावलं, लाल दिवा. शर्टाला पुसून लावलं, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा दार आतून उघडलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बाई उभी.

"काय हवंय?"

"ही माझी खोली आहे," मी म्हणालो. वर आवाजही चढवला.

तिने माझ्या बॅगेकडे बघितलं. "खाली जाऊन विचारा," म्हणाली आणि दार आपटलं.

खाली काउंटरवरचा माणूस हसू दाबत होता. "साहेब, तुमची तीनशे नऊ. आत्ताच तर सांगितलं मी."

चारशे बारा मागच्या आठवड्याची होती. शहर वेगळं, हॉटेल वेगळं. माझ्याबरोबर काम करणारी चष्मिस पोट धरून हसली. "दादा, मी मागे घरी गेले आणि आईला विचारलं, नाश्ता किती वाजेपर्यंत असतो? ती चप्पल शोधायला लागली." मीही हसलो. आमच्या धंद्यात ही चूक सगळ्यांकडून होते. अंग नव्या गावात येऊन पडतं, डोकं मागच्या गावात राहतं.

आमचा धंदा म्हणजे सल्ला. जिथे आयुष्यात एक दिवस काम केलेलं नाही तिथे जाऊन, वीस वीस वर्षं राबलेल्या माणसांना काम कसं करायचं ते आम्ही शिकवतो. सोमवारी सकाळचं विमान, गुरुवारी संध्याकाळचं परत. दोन निळे शर्ट, दोन पांढरे, आणि ज्याची कधी गरज पडत नाही असा एक स्वेटर. चार दिवसांत आम्हाला सगळं कळतं. कळलं नाही तरी कळल्याचा चेहरा येतो, तो शिकवलेलाच असतो.

दुपारी बायकोचा फोन आला. "काय पाहुणे, पोचलात का?"

ती फ्रिजवरच्या कॅलेंडरवर माझ्या खोल्यांचे नंबर लिहून ठेवते. एकदा माझा फोन दोन दिवस बंद होता आणि मी कुठल्या शहरात आहे हेच तिला सांगता येईना, तेव्हापासून.

"किती लिहू?"

"चारशे बारा."

"ते मागचं. माझ्यासमोर लिहिलेलं आहे. अरे, तुझं लक्ष कुठे असतं?"

मंगळवारी सकाळी शीतगृहावर गेलो. गोठवलेली फळं आणि भाज्या साठवायचं मोठं गोदाम. मधे पॅकिंग हॉल, तिथे तीस बायका निळ्या टोप्या घालून पिशव्या भरतात. हॉलला दोन दारं. पुढचं अंगणात उघडतं. मागचं एका लांब बोळात, आणि त्या बोळाला लागूनच मशीनरूम. गारवा तयार करणारा अमोनिया तिथल्या पाइपांतून फिरतो. हा वायू नाकातोंडात गेला तर माणूस दोन श्वासांत आडवा होतो. हे मला माहीत होतं. अहवालात मीच लिहिलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी मी मशीनरूममध्ये स्टॉपवॉच घेऊन दोन दिवस उभा होतो. तिथल्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात. साठीला आलेला माणूस. बसायचा, उठायचा, गंधकाची कांडी पेटवून पाइपांच्या सांध्यांजवळून फिरवायचा, पुन्हा बसायचा. माझ्या तक्त्यात दोन रकाने होते, काम आणि रिकामा. मामा शंभरातली एकाहत्तर मिनिटं रिकामा निघाला. वायू गळत असेल तिथे त्या कांडीचा धूर पांढरा होतो, हे मला नंतर कळलं; तेव्हा कांडी फिरवणं मी 'फेरफटका' म्हणून टाकलं. अहवाल मान्य झाला आणि गेल्या महिन्यापासून मामा ट्रकांच्या धक्क्यावर खोकी मोजतोय. मशीनरूमला कुलूप आहे.

पॅकिंग हॉलच्या पुढच्या दाराला मी कार्ड लावलं. लाल दिवा. पहारेकरी म्हणाला, "साहेब, ते हॉटेलचं. आमचं दुसऱ्या खिशात बघा." दोन्ही कार्डं पांढरी, एकाच मापाची. पाहुण्यांचं कार्ड सापडलं, हिरवा दिवा लागला, मी आत गेलो.

आत भिंतीवर नव्या पाट्या होत्या. आमच्या कंपनीच्या निळ्या रंगात मोठा बाण आणि खाली अक्षरं: धोका असल्यास मागील दाराने बाहेर पडा. आपण कागदावर लिहिलेलं भिंतीवर लागलं की बरं वाटतं. मलाही वाटलं. मग नाकाला वास लागला. सार्वजनिक मुतारीसारखा, डोळ्यांत किंचित टोचणारा.

"हे आणि नवीनच," प्लँट मॅनेजर बाई म्हणाल्या. हसऱ्या, चटपटीत. "सकाळपासून बायका नाकं मुरडतायत. सफाईवाल्यांना झापलं. संडास तीनदा धुवून घेतले."

मी मान डोलावली. माझा तो विषय नव्हता.

धक्क्यावर मामा खोक्यांवर खडूने खुणा करत होता. मला बघून म्हणाला, "या घड्याळवाले. माझा आजचा हिशोब काय, बसलोय किती, उभा किती?"

"मामा, राग आहे का अजून?"

"राग कसला? मी तेव्हा बसलेलो दिसलो तुम्हाला. मी ऐकत होतो. मशीनचा आवाज बदलतो आधी, मग वास येतो. आवाज ऐकायला बसावं लागतं, पळत ऐकता येत नाही." त्याने खडू कानामागे अडकवला. "बरं, एक विचारायचं होतं. तुमच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे की वायू गळला तर भोंगा आपोआप वाजतो आणि झडप आपोआप बंद होते. तो भोंगा कुठे बसवलाय तेवढं दाखवा. सव्वीस वर्षं झाली, मला काही सापडला नाही. म्हातारा झालो, दिसत नसेल."

शेजारचे दोन हमाल फिदीफिदी हसले.

गाडीत बसून लॅपटॉप उघडला. पान अडतीस. स्वयंचलित भोंगा, स्वयंचलित झडप, मागील दाराने सुटका, म्हणून मशीनरूममध्ये पूर्णवेळ माणसाची गरज नाही. शब्द न् शब्द ओळखीचा होता, कारण तो इथला नव्हताच. आदल्या कामाचा होता. दुसऱ्या देशातली एक डेअरी. तिथे भोंगा होता, झडप होती, तिथली मशीनरूम पुढच्या बाजूला होती. आम्ही जुना अहवाल उघडतो, नाव बदलतो, आकडे बदलतो. चाळीस पानं कोण नव्याने लिहील? मी एकोणचाळीस पानं बदलली होती. एक राहिलं होतं. आणि त्या एका पानावर एका माणसाला उठवून खोलीला कुलूप लावलं होतं.

चष्मिसला दाखवलं. ती म्हणाली, "मोठ्या साहेबांना सांग."

मोठे साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे भागीदार. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अजून कुणाला बोललास?"

"आमच्या दोघांशिवाय कुणाला नाही, सर."

"मग बोलू नकोस. गुरुवारी मालक लोक येतायत. त्यांची अजून चार गोदामं आहेत, ती कामं कुणाला द्यायची ते परवा ठरणार. शुक्रवारी आपण एक छोटं दुरुस्तीपत्र पाठवू. तीन दिवसांत आकाश कोसळतंय का?"

"सर, तिथे वास येतोय."

"कसला?"

"मॅनेजर म्हणतात संडासाचा."

"मग संडासाचा," ते म्हणाले. "तू काय वास घेणारा झालास का आता?"

मी हसलो. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण हसलो.

बुधवारी मी मॅनेजर बाईंच्या केबिनमध्ये गेलो. घोटून ठेवलेलं वाक्य होतं: मामाला आजच्या आज परत पाठवा, आमची चूक झाली. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "बाई, पान अडतीस एकदा नजरेखालून घाला."

"का, काही राहिलंय?"

"नाही, असंच. खातरजमा."

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बघायची गरजच नाही हो." त्यांनी मला पाणी दिलं. "तुमच्याइतकं बारकाईने आमच्याकडे कुणी बघितलं होतं का कधी?"

मी पाणी प्यायलो. मूग गिळून बाहेर आलो. बोळात वास कालच्यापेक्षा जाड झाला होता. एक सफाईवाली फिनेलची बादली घेऊन उकिडवी बसली होती, डोळे लाल. "काय करू साहेब, घासून घासून हाताची सालं निघाली. जातच नाही मेला."

संध्याकाळी बायको म्हणाली, "तुझा आवाज का असा येतोय?"

"थकलोय."

"तू थकलास की चिडतोस. हा आवाज खोटं बोलतानाचा आहे. काय केलंयस?"

मी म्हणालो उद्या घरी येऊन सांगतो. उद्यावर ढकलायची आम्हाला सवय. उद्या आपण दुसऱ्याच गावात असतो.

गुरुवारी दहा वाजता मीटिंगच्या खोलीत सगळे जमले. पॅकिंग हॉलच्या वर, एका बाजूला काच. खाली तीस निळ्या टोप्या दिसत होत्या. मशीनच्या गोंगाटामुळे बायका कानांत बोळे घालून काम करतात. मालकांपैकी दोघे आले होते. मोठे साहेब करड्या सुटात. मी उभा राहून एकेक पान पडद्यावर आणत होतो. छत्तीस. सदतीस. एकोणचाळीस.

मी थांबलो. मागे गेलो. सदतीस. पुढे. एकोणचाळीस.

चष्मिसने मान खाली घातली. मोठ्या साहेबांनी डोळ्यांनीच मला सांगितलं, चल पुढे. पान काढून टाकलं होतं. पान नाही म्हणजे चूक नाही. कुलूप मात्र तिथेच होतं, बाण तिथेच होता, आणि मामा धक्क्यावर.

एका मालकाने रुमाल नाकाला लावला. "बाई, वास काय येतोय इथे?"

"सफाईचं कंत्राटच बदलतेय मी," मॅनेजर बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"हा संडासाचा वास नाही," मी म्हणालो.

मोठे साहेब मोठ्याने हसले. "आमचा पोरगा फार कामसू आहे. आता नाकानेही तपासणी करतो."

दोघे मालकही हसले. मी रिमोट टेबलावर टाकला आणि जिन्याकडे धावलो. ज्या वाक्याला मी तीन दिवस घाबरलो होतो ते बोलायला तीन सेकंद लागले होते.

मशीनचा आवाज बदललेला ऐकून मामा धक्क्यावरून आधीच निघाला होता. तोंडाला ओला रुमाल, हातात लोखंडी पहार, कुलूप तोडायला. मला बघून थांबला.

"साहेब, खरं सांगा. आत वास कधीपासून येतोय?"

"मंगळवारपासून."

शिवी देईल असं वाटलं. त्याने फक्त एकदा डोळे मिटले. "बोळ भरला असेल एव्हाना. बायकांना मागच्या दाराने सोडू नका. पुढून अंगणात काढा. पळा!"

मशीनरूमच्या बाजूने फुटल्यासारखा एक आवाज आला, मग लांब शीळ. मी अंगणातून वळसा घालून पुढच्या दाराशी पोचलो. पहारेकरी जागेवर नव्हता. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. बायका टेबलांपासून उठल्या होत्या. गोंधळ नव्हता, किंचाळणं नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून दोनदा सराव करून घेतला होता, आमच्याच सूचनेवरून. टोप्या सरळ करून, एकामागे एक, त्या मागच्या दाराकडे रांग लावत होत्या.

मी कार्ड लावलं. लाल दिवा. शर्टाला पुसून लावलं. लाल. दोन्ही मुठींनी काच बडवली, ओरडलो, "इकडे! इकडे या!" कानांत बोळे. कुणी वळेना.

मग रांगेतल्या शेवटच्या बाईने मागे बघितलं. मी हात हलवून तिला पुढे बोलावलं. मी इस्त्रीच्या शर्टातला माणूस, बाहेरचा, घाबरलेला. तिला माझी कीव आली असावी. तिने हात उंच केला आणि अडाण्याला समजवावं तसं, भिंतीवरच्या निळ्या बाणाकडे बोट दाखवलं.

रांगेच्या पुढच्या टोकाला कुणीतरी मागच्या दाराच्या कडीला हात घातला. माझ्या हातात तीनशे नऊचं कार्ड होतं.