सासूबाईंचं अंड्याचं सूप

सुएत-लिनच्या अंगावरून जायला लागून आज एकोणिसावा दिवस होता. तीन महिने हाच धिंगाणा. चार दिवस थांबायचं, जरा हुश्श म्हणावं, की पुन्हा सुरू. तिची मावशी अगदी असंच होऊन पिशवीच्या कॅन्सरने गेली होती, त्यामुळे हिने मनातल्या मनात आपला फोटो भिंतीवर लावूनही टाकला होता. इस्पितळात सोनोग्राफी केली, पिशवीतला तुकडा काढून तपासला, सगळं स्वच्छ. पण ऐकेल ती सुएत-लिन कसली! "मशीनला काय जातंय सांगायला," म्हणायची, "रक्त माझं जातंय."

म्हणून मग शुंदे गावच्या जुन्या बाजारातल्या लाउ वैद्यबाई. सत्तरी उलटलेल्या, जीभ विळीसारखी. पंधरा दिवस त्यांचा कडूजहर काढा नाक दाबून पिऊन झाला, पण फरक म्हणून नाही.

आज बाईंनी तिच्या मनगटावर तीन बोटं टेकवली आणि बराच वेळ डोळे मिटून घेतले. सुएत-लिनचा जीव टांगणीला लागला.

"मी रक्त थांबवायला बघतेय आणि आत कुणीतरी ते वाहतं ठेवतंय," बाई म्हणाल्या. "खरं सांग, दुसरं काय औषध घेतेस?"

"देवाशप्पथ, एक गोळीसुद्धा नाही हो!"

तेवढ्यात दारात सासूबाई धापा टाकत उभ्या. नाव ओइ-काम, हातात थर्मास. "आज पुन्हा न पिता पळालीस! अंगात रक्ताचा थेंब नाही आणि मिजास बघा!"

त्यांनी झाकण फिरवलं मात्र, वैद्यबाईंचं नाक वर झालं. "इकडे आणा ते. काय आहे?"

"सूप. रोजचंच."

"रोजचंच म्हणजे?"

"अंडी, लाल खजूर आणि नागदवण्याचा पाला. बायकांच्या पोटाला चांगला असतो, एवढं तुम्हाला मी सांगायचं?"

"किती घालता?"

"पहिल्या महिन्यात पाळी लांबली, तेव्हा चिमूटभर घातला. मग हिचं जातच राहिलं. हल्ली दोन मुठी घालते." सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"दोन मुठी!" वैद्यबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, अडकलेलं रक्त मोकळं करायचा पाला तो! मी इकडे दार लावतेय आणि तुम्ही तिकडे खिडक्या उघडताय! आणि तू गं शहाणे? मी विचारलं ना?"

"तुम्ही औषधाचं विचारलंत," सुएत-लिन चाचरत म्हणाली. "हे तर सूप आहे."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या गावात सुपाला औषध म्हणेल असा माणूस जन्माला आला नव्हता. खुद्द बाईही घरी कधी म्हणाल्या नसत्या.

"म्हणजे... मीच केलं हे?" सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्हीच. आजपासून बंद. आठ दिवसांत थांबलं नाही तर सरळ इस्पितळात जायचं, माझ्याकडे यायचं नाही. पण थांबेल."

सुएत-लिनला सासूवर ओरडावं की तिच्या गळ्यात पडावं, कळेना. सूप! नुसतं सूप! तिला हसू फुटलं, ते थांबेचना, आणि बघता बघता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

त्यानंतर घरात फक्त काढा आणि साधी पेज. सासूबाई चुलीपाशी जायलाही बिचकायच्या, मीठ घालतानासुद्धा सुनेला विचारायच्या. सहाव्या दिवशी सकाळी कपडा कोरडा होता. सातव्या दिवशीही कोरडा. सुएत-लिनने आठवा दिवस जाऊ दिला आणि मगच स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, थांबलं."

ओइ-काम मटकन स्टुलावर बसल्या. "तुझ्या मावशीचंच डोळ्यांपुढे यायचं गं," त्या बाहीने नाक पुसत म्हणाल्या. "जितकी घाबरायचे, तितका पाला वाढवायचे. वाटायचं, तू जाणार."

"मलाही तेच वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

सुएत-लिन त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. तीन महिन्यांत तिने पुढच्या आठवड्याचंसुद्धा काही ठरवलं नव्हतं. "आई," ती म्हणाली, "नव्या वर्षाला यंदा माझ्या माहेरी जाऊ या का, आपण दोघी?"