सोळा चौकटींतलं शून्य

बुरगास्ताय खोऱ्यातलं लार्चचं रान एका वसंतात तीन दिवस जळत होतं. आग कुणामुळे लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वर कड्याला लागून पंधरा-वीस म्हातारी झाडं तेवढी जिवंत राहिली, खाली नुसते काळे खांब. रान आपलं आपण परत येतं, की रोपं लावावी लागणार, हे बघायला चार वर्षं थांबायचं ठरलं. मोजणीचं काम माझ्याकडं आलं. मी गोंचिग, तालुक्याच्या वनकचेरीतला तंत्रज्ञ.

उतारावर लोखंडी खुंट्या ठोकून मी वीस चौकटी आखल्या. चार खाली रस्त्याजवळ, सोळा वर चढाला. दर जुलैत प्रत्येक चौकटीत गुडघ्यांवर बसायचं, गवत बोटांनी बाजूला सारायचं आणि कड्यावरच्या झाडांचं बी कुठं रुजलंय का ते शोधायचं. लार्चचं कोवळं रोप म्हणजे दोऱ्याएवढा देठ आणि त्यावर हिरव्या सुयांचा झुबका. उभ्यानं बघितलं तर दिसतच नाही.

भीती होती ती शेरडांची. उताराच्या पायथ्याला देजिद आक्काचा वसंतातला तळ असायचा. साठी उलटलेली विधवा बाई, शेळ्या-मेंढ्या मिळून दोनशेवर जनावरं, आणि नदीवर जायची तिची वाट याच उतारावरून. मी तिच्या तंबूत जाऊन बसलो.

"आक्का, चार वर्षं जनावरं उतारावर सोडू नका."

"चार वर्षं? शेरडांना काय सांगू, उपास धरा म्हणून?"

"पाण्याला पलीकडच्या खिंडीतून न्या."

"खिंडीतून जायला घोड्यावर दीड तास लागतो, बाबा. तू येणारेस का हाकायला?"

मी हसलो. तिनं माझ्या वाडग्यात खारा चहा ओतला, वाळवलेल्या दह्याची ताटली पुढं सरकवली.

"बरं. तू म्हणतोस म्हणून," ती म्हणाली. "नाहीतरी ते काळे खुंट बघवत नाहीत मला."

तिनं शब्द पाळला. दर वसंतात कळप घेऊन ती खिंडीतून जायची. तिसऱ्या वर्षी लांडग्यांनी तिथं तिच्या नऊ मेंढ्या पाडल्या. मला ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, दुसऱ्यांकडून कळलं. माझ्या वहीत मात्र आकडे चढत होते. दुसऱ्या वर्षी वीस चौकटींत एकतीस रोपं, तिसऱ्या वर्षी एकशे अठरा.

चौथ्या वर्षी उन्हाळा कोरडा गेला. त्यात जुलैतला नादामचा सण आला. घोड्यांच्या शर्यतीत माझ्या भावाचा तांबडा घोडा उतरणार होता आणि मोजणी मी पुढं पुढं ढकलत आणली होती. अखेर नादामच्या आदल्या दिवशी दुपारी मोटरसायकल काढून गेलो. रस्त्याजवळच्या चारही चौकटी बघितल्या. गवत कुरकुरीत वाळलेलं, गेल्या वर्षीची रोपं तपकिरी पडून मेलेली. कानाशी डासांची भणभण. वर बघितलं, तर आगीनंतर माजणारा तो गुलाबी फुलांचा झाडोरा कमरेइतका वाढलेला. त्यातून वाट काढत सोळा चौकटी शोधायच्या, म्हणजे अंधारच पडला असता. इथं मेली, तर वरही मेलीच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. सीटवर वही टेकवली आणि सोळा वेळा शून्य काढलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. दुसऱ्या दिवशी भावाचा घोडा अकरावा आला.

मी ते विसरलो नव्हतो. पण आठवलं की दुसऱ्या कामाला लागायचो.

शरदात गावच्या सभागृहात बैठक झाली. आमचे साहेब दांझान यांनी आकडे वाचून दाखवले. "एकतीस. एकशे अठरा. आणि यंदा शून्य. आता मला सांगा, एकशे अठरा रोपं गेली कुठं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "देजिदबाईंच्या शेळ्यांना विचारा!" सगळे हसले.

देजिद आक्का ठेवणीतला निळा देल, तो लांब अंगरखा, घालून आली होती. ती उठून उभी राहिली. "माझी जनावरं चार वर्षांत त्या उताराला शिवलेली नाहीत. झाडं आहेत तिथं. वसंतात गवत मेलेलं असतं तेव्हा हिरवीगार दिसतात, मी रोज बघते. गोंचिगला विचारा. तो गुडघ्यावर बसून मोजतो, त्याला माहितीय."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. ती हसून माझ्याकडं बघत होती, आता हा बोलेल म्हणून. मी नजर कागदावर ठेवली.

"कागदावर शून्य आहे," मी म्हणालो.

तिला आधी कळलंच नाही. मग ती सावकाश खाली बसली. त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. उतार नांगरून रोपवाटिकेतले पाइन लावायचे, आणि देजिदचा वसंतातला तळ तिथून हलवायचा. तिला शार खोऱ्यात जागा दिली. ते उघडं खोरं, वाऱ्याला आडोसा नाही. एप्रिलच्या हिमवादळात तिची चाळीसच्या वर कोकरं गारठून मेली. हे मी कचेरीत खिडकीपाशी बसून ऐकलं आणि चहा पीत राहिलो.

मेमध्ये नांगरणी सुरू झाली. देखरेखीला मीच. ट्रॅक्टरवर शागदार होता, बडबड्या माणूस. खालून सुरुवात करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं निम्मा उतार उलथला होता. मी रस्त्यालाच थांबलो होतो. वर जायचं टाळत होतो म्हणा ना. तेवढ्यात इंजिन थांबलं.

"ओ गोंचिग! जरा वर या!"

गेलो. त्यानं टोपी उलटी धरली होती आणि तिच्यात माती लागलेली चार-चार बोटं उंचीची रोपं होती. नुकत्याच फुटलेल्या पोपटी सुया.

"ही लार्चच ना?" त्यानं विचारलं. "नांगराच्या दर सरीत नुसती हीच निघतायत. मला वाटलं, शून्य आहे."

मी नांगराच्या पुढं बघितलं. गवत अजून मेलेलं, भुरं, आणि त्यात जिकडं नजर जाईल तिकडं हिरवे ठिपके. मोजायला गुडघे टेकायचीही गरज नव्हती. मागं वळून बघितलं, तर काळी उलटी माती.

"थांबव," मी म्हणालो.

"साहेबांना काय सांगू?"

"मी सांगतो."

दांझानसाहेबांना मी टेबलापाशी उभा राहून सगळं सांगितलं. ते पेन फिरवत ऐकत होते. मग उठून त्यांनी दार लावलं.

"हे अजून कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलूही नको. वर खडक लागला म्हणून नांगरणी थांबवली, असं लिहू. तुझी नोकरी राहील, माझीही मान वर राहील."

"आणि देजिद आक्का?"

"म्हातारीला नवीन जागेची सवय होईल."

आणि मी मान हलवली. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नांगराखाली रोपं गेलेली डोळ्यांनी बघून आलो होतो, तरी मान हलवली. खडकाचा अहवाल मीच लिहिला, सहीसुद्धा माझीच.

तीन आठवडे काढले. जेवण जात नव्हतं अशातला भाग नाही, जेवत होतो. पण शागदार रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय हो, खडक कसा आहे?" आणि डोळा मारायचा. त्याला वाटायचं, आम्ही दोघं एका गमतीत सामील आहोत. एका सकाळी त्यानं तसाच डोळा मारला आणि मी मोटरसायकल तशीच शार खोऱ्याकडं वळवली.

देजिद आक्का तंबूबाहेर शेळ्यांची लोकर विंचरत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. नादाम, घोडा, चार चौकटी, सोळा शून्यं, नांगर, खडक. तिचा हात थांबला नाही. पकडलेली शेळी विंचरून झाली, ती सोडली, मग तिनं विचारलं, "घोडा कितवा आला?"

"अकरावा."

तिनं दुसरी शेळी ओढून घेतली आणि म्हणाली, "चाळीस कोकरं मी हातानं ओढून बाहेर टाकली. तेव्हा मनात यायचं, खरंच माझीच शेरडं गेली असतील का तिकडं, मला डुलकी लागली असताना? चार वर्षं राखण केली आणि शेवटी स्वतःवरच संशय घेतला मी."

"आक्का, मी..."

"चहा घेऊन जा," ती म्हणाली. "आणि अहो गोंचिग, मला एकटीला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं. ज्यांच्यासमोर शून्य म्हणालात, त्यांच्यासमोर बोला."

आजवर ती मला कधी 'अहो' म्हणाली नव्हती.

पुढच्या बैठकीत मी उभा राहून सगळं सांगितलं. दांझानसाहेब कागद चाळत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "अन् आम्ही त्या बाईला हसलो!" दुसऱ्यानं तिथल्या तिथं माझं नाव 'शून्य-गोंचिग' ठेवलं. ते आजतागायत चिकटलंय. देजिदचा तळ तिला परत मिळाला. माझी नोकरी महिन्याभरात गेली. दांझानसाहेबांची त्या हिवाळ्यात बदली झाली. आता मी गावात गाड्यांची चाकं दुरुस्त करतो.

नांगरलेल्या अर्ध्यात लावलेले पाइन दुसऱ्या उन्हाळ्यात बहुतेक वाळले. त्या उघड्या मातीवर अजून गवतच धड धरत नाही.

कचेरीत नवीन आलेल्या बाईंनी मोजणी परत सुरू करायची म्हणून मला खुंट्या दाखवायला बोलावलं. नांगरात सापडलेल्या खुंट्या गेल्या होत्या. वरच्या नऊ चौकटी शाबूत होत्या. आम्ही पोचलो तर देजिद आक्का घोडा बांधून आधीच येऊन थांबलेली. गुडघ्यांना तिनं कातड्याचे तुकडे बांधले होते.

"मी मोजतो, तुम्ही बसा, आक्का," मी म्हणालो.

"तुम्ही नका मोजू," ती म्हणाली. रागानं नव्हे, पावसात दार लावून घ्या म्हणावं तसं. "तुम्ही गवत धरून ठेवा."

मी पहिल्या चौकटीत वाकलो आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला धरलं. ती एकेका रोपावर बोट ठेवत मोठ्यानं मोजत गेली आणि कचेरीतल्या बाई लिहीत गेल्या. एकवीसपाशी ती अडखळली, परत पहिल्यापासून सुरू केलं. माझे हात भरून आले होते, पण ती सोडा म्हणेपर्यंत मी गवत धरून होतो.