नाव मोकळं होईपर्यंत

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या तरी धाकट्याने हातातली कानस खाली ठेवली नाही. बुटाच्या लाकडी साच्याची टाच तो घासत होता, तो घासतच राहिला. थोरला भाऊ गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच कारखान्यात येत होत्या. बसा म्हणायला हवं होतं, पण जीभ वळली नाही.

"भाऊजी, ती आपली साइट बंद पडलीय," वहिनी म्हणाल्या. हातातली पिशवी जड दिसत होती. "कालपासून उघडतच नाही. तुम्हाला कळतं ना यातलं?"

"होतं असं कधीकधी. आपोआप सुरू होते."

"पण ह्यांच्या फोनवर एक मेल आलाय. मुदत संपली, पैसे भरा म्हणून."

कानस क्षणभर थांबली.

"असल्या मेलच्या नादी लागू नका, वहिनी. फसवाफसवी असते सगळी. उडवून टाका तो."

"बरं. पण मी म्हणत होते, ते नाव आहे ना, ते..."

त्याने घासायच्या यंत्राचं बटण दाबलं. त्या घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही. वहिनी जरा वेळ पिशवीचे बंद पिळत उभ्या राहिल्या आणि मग हातानेच 'येते' असं खुणावून निघून गेल्या.

ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल वाकडं, अशा माणसांसाठी बूट करायचे, हा घरचा धंदा. वडिलांनी उभा केलेला, त्यांच्याच नावाने चालणारा. गिऱ्हाइकाच्या पायाचा साचा करून भिंतीवर टांगायचा आणि तो माणूस आहे तोवर त्याच साच्यावर त्याचे बूट चढवायचे, ही रीत. वडिलांमागे भावांचं फाटलं तेव्हा वाटणीत साचे धाकट्याकडे आले आणि नाव थोरल्याकडे गेलं. नाव म्हणजे दुकानाची पाटी आणि वडिलांच्या नावाची साइट. गिऱ्हाईक नाव शोधत थोरल्याकडे जायचं, आणि त्याचे पाय इकडे भिंतीवर लटकत असायचे! दोघांचंही भलं झालं नाही. पण समोरच्याचंही होत नाही, एवढ्या समाधानावर दोघांनी वर्षं काढली. असतात अशी माणसं, आणि लांब कशाला, घराघरांत असतात.

धाकट्याला यातलं कळत होतं, चांगलंच कळत होतं. साइटचं नाव दरवर्षी पैसे भरून राखावं लागतं. नाही भरले तर काही दिवस जुन्या मालकाची वाट बघतात, आणि मग नाव मोकळं होतं. ज्याचा हात आधी पडेल त्याचं. थोरल्यामागे ते भरायचं कुणाच्या ध्यानात राहणार नाही, हे त्याने ओळखलं आणि एका कंपनीकडे ते आगाऊ नोंदवून ठेवलं. मोकळं झालं रे झालं की त्यांनी ते त्याच्यासाठी उचलायचं. ही वाट दाखवली होती छापखानेवाल्याने, त्याच्या जुन्या दोस्ताने. पण त्याच दोस्ताने कानही उपटले होते.

"आगाऊ नोंदवलं म्हणजे मिळालं, असं धरून चालू नकोस. दुसऱ्या कुणी दुसरीकडे नोंदवलं असेल तर बसशील बोंबलत. नावांचा धंदा करणारे टपलेलेच असतात, बाबा. अमुक नाव कुणाला तरी हवंय, एवढी कुणकुण लागली तरी झडप घालतात. त्यापेक्षा वहिनींना विचार की सरळ. त्यांनी मनावर घेतलं तर आजच्या आज तुझ्या नावावर होईल."

"त्यांच्यापुढे हात पसरू? थोरल्याने मरताना तरी माझी आठवण काढली का?"

"मग बस वाट बघत."

"बसतो. तू खोके छापायला घे."

बुटांचे खोके छापून आले. वर ठळक अक्षरांत वडिलांचं नाव, खाली साइटचा पत्ता. बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, अजून मुलगी बघितली नाही आणि पत्रिका छापून मोकळे!"

"घरचंच नाव आहे. जातंय कुठे?"

त्यानंतर रोज सकाळी उठल्याउठल्या तो फोन बघायचा. वहिनींनी पैसे तर भरले नाहीत ना? त्यांना कुणी शहाणा भेटू नये, एवढं एकच मागणं उरलं होतं. आणि खरंच कुणी भेटला नाही. जुन्या मालकाची मुदत संपली, नाव मोकळं झालं, आणि त्याच दुपारी कंपनीचा निरोप आला. क्षमस्व, नाव दुसऱ्या ग्राहकाने आधी घेतलं. त्या दुसऱ्याचा निरोप पाठोपाठ आला, नाव हवं असल्यास बोला म्हणून. सांगितलेला आकडा वाचून धाकट्याने फोन पालथा ठेवला. आठवडाभरात वडिलांच्या नावाखाली जुगाराचे पत्ते नाचू लागले.

वहिनी पुन्हा आल्या तेव्हा बायकोने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. तीच जड पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

"भाऊजी, तुम्ही म्हणालात तशी सुरू झाली साइट," त्या म्हणाल्या. "पण त्यात भलतंच काहीतरी येतंय हो. मामंजींचं नाव, आणि खाली जुगार! काय करायचं?"

"आता काही करता येणार नाही."

"अरे देवा!" वहिनींनी पिशवीतून दुकानाची पितळी पाटी काढली. घासूनपुसून लख्ख केलेली होती. "मागे मी तेवढ्यासाठीच आले होते. ह्यांनी शेवटी शेवटी सांगितलं होतं, साचे तिकडे आहेत तर नावही तिकडेच जाऊ दे. पाटी द्यायची होती, आणि ते साइटचंही तुमच्या नावावर कसं करायचं ते विचारायचं होतं. पण तुमचं मशीन चालू होतं. म्हटलं, कामात आहेत, पुन्हा केव्हातरी. तो मेल मात्र तुम्ही म्हणालात तसा लगेच उडवला. माझं काही चुकलं का, भाऊजी?"

बायको नवऱ्याकडे बघत होती. धाकटा भिंतीवरच्या साच्यांकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "होतं असं कधीकधी."

वहिनींनी मान हलवली. कप ठेवायला जागा हवी म्हणून त्या कोपऱ्यातल्या खोक्यांच्या चळतीकडे वळल्या. वरच्या खोक्यावर धूळ बसली होती. ती त्यांनी तळहाताने पुसली, आणि कप हातातच राहिला. आधी नाव वाचलं, मग खालचा पत्ता वाचला. वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"हे खोके कधीचे, भाऊजी?"

धाकट्याच्या हातात घासायला काहीच नव्हतं. तरी त्याने यंत्राचं बटण दाबलं.

या वेळी वहिनी गेल्या नाहीत. यंत्र बंद व्हायची वाट बघत त्या तिथेच उभ्या राहिल्या.