पेडल कधी खाली जातं?

मिस्बाहने गाडी आणली तेव्हा त्याची बायको मागच्या सीटवर काच वर करून बसली होती. खरं तर गाडी चालवायची ती. रोज सकाळी आणखी तीन शिक्षिकांना घेऊन आमच्या सल्त या डोंगरावरच्या शहराचा उतार उतरायची, खाली खोऱ्यातल्या शाळेत जायची. मिस्बाह बसने कामाला जायचा. पण गॅरेजात बोलायचं ते पुरुषाने, आमच्याकडची रीतच ती. मी मेकॅनिक, म्हणून सगळे मला मुअल्लिम, म्हणजे उस्ताद म्हणतात.

"मुअल्लिम, घरचे म्हणतात, ब्रेक बरोबर नाहीत."

"बरोबर नाहीत म्हणजे? आवाज येतो? पेडल खाली जातं? कधी?"

त्याला ठाऊक नव्हतं, पण तसं म्हणायला त्याची जीभ रेटेना. "आवाज येतो," त्याने ठोकून दिलं. "सकाळी, गाडी थंड असताना."

मागची काच चार बोटं खाली आली. "आवाज नाही हो, उतरताना ते..."

"सांगतोय ना मी!" मिस्बाह मान न वळवता म्हणाला. मग मला डोळा मारला. "मास्तरीणबाई आहेत. कुठेही शिकवायला लागतात."

मी हसलो. काच वर गेली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मी मूर्ख, यालाच सभ्यपणा समजत होतो. पॅड बदलले, सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक छान लागले. "बिनधास्त चालवा," म्हणालो. ब्रेकचं तेल जुनं झालं की लांब उतारावर तापून उकळतं आणि पेडल पोकळ होतं, हे मला झोपेतही सांगता येतं. तिचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर आधी तेच तेल बदललं असतं.

तिसऱ्या दिवशी गाडी वळणावरून दरीत गेली. चौघींतली एकच वाचली. अर्धा उतार झाला की पेडल पोकळ लागतं, असं मिस्बाहची बायको रोज म्हणायची, हे त्या वाचलेल्या शिक्षिकेने पोलिसांना सांगितलं. बायकोचं नाव इन्साफ होतं. ते मला भिंतीवर चिकटवलेल्या निधनाच्या सूचनेवरून कळलं.

शोकाच्या मंडपात मिस्बाहने माझं मनगट धरलं. त्याचे डोळे सुजलेले होते. समोर इन्साफचे भाऊ ओळीने बसले होते.

"सगळ्यांसमोर सांग मुअल्लिम. मी तुला सगळं नीट सांगितलं होतं की नाही?"

मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

"सांगितलं होतंस," मी म्हणालो.

थोरल्या भावाने कॉफीचा कप खाली ठेवला. "म्हणजे उतारावर ब्रेक जातात, हे तुला ठाऊक होतं. आणि तरी तू माझ्या बहिणीला ती गाडी दिलीस?"

मी मिस्बाहकडे पाहिलं. त्याने माझं मनगट सोडलं आणि तो खाली बघत राहिला.