परतीची गाडी पायी गाठता यावी

तुलारामनं सकाळपासून तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं. "कुठंही चालते."

"कुठंही नावाचा मोहल्ला दिल्लीत नाही बाबा," गुड्डी म्हणाली.

बापासाठी दिल्लीत खोली ठरवायला ती लाखनीहून, सासरहून, दोन दिवस शहापूरला आली होती. मोबाईलवर दिल्लीचा नकाशा उघडून ओसरीवर बसली होती. समोर खाटेवर तिचा बाप, हातात चहाचा कप. चहा केव्हाच निवला होता. आठवण झाली तेव्हा त्यानं तो तसाच पिऊन टाकला.

दिल्लीच्या कृषी मेळ्याचं बोलावणं खरं तर गोदावरीबाईचं, त्याच्या बायकोचं. अकरा जातींचं जुनं धान तिनं मडक्यांत राखलं होतं. हिरानक्की, लुचई, दुबराज. बाकीची नावं तिलाच पाठ. पत्र आलं तेव्हा गुडघे सोडले तर ती धडधाकट होती. पौषात गेली. तेरवीनंतर दुसरं पत्र आलं: पतीनं बियाणं घेऊन यावं, राहण्याची सोय स्वतः करावी, कोणत्या भागात उतरणार ते कळवावं. तुलाराम जातो म्हणाला. नाही म्हणायला जेवढं बोलावं लागलं असतं तेवढं त्याच्यानं बोलवत नव्हतं.

"करोलबाग घ्या. मेळा तिथून जवळ पडते."

"घे."

"काल पहाडगंजलेही घे म्हणाले होते."

शेजारचा धनीराम तेवढ्यात येऊन टेकला. तो एकदा मोर्च्यासोबत दिल्लीला जाऊन आला होता, आणि तेव्हापासून दिल्ली म्हणजे त्याचं वावरच.

"पहाडगंजच घ्या तुलाराम भाऊ. टेशनातून निंगालं का खोली."

"काका, ते दुसरं टेशन. आपली गाडी वरठीहून निजामुद्दीनले जाते."

"मंग आमच्या मागं सरकवलं असन टेशन."

कोणी हसलं नाही, म्हणून तो एकटाच हसला.

"परतीचं तिकीट कोन्या तारखेचं काढू बाबा?"

"परतीचं मंग पाहू."

गुड्डीचं बोट मोबाईलवर थांबलं. गेल्या आठवड्यात बापानं गोठ्यातली गाय भाच्याला देऊन टाकली होती. यंदा मडक्यातलं बियाणं कोण पेरणार असं तिनं फोनवर विचारलं, तर "पेरन कोनी" म्हणाला होता.

"तुमी वापस येऊन राहिले ना बाबा?"

तुलारामनं मनात उत्तर शोधून पाहिलं. न येण्याचं त्यानं काही ठरवलं नव्हतं. येण्याचंही नव्हतं.

धनीरामला गप्प बसणं जमत नसे. "वहिनी असती तं हा सवालच नसता. नागपूरच्या लग्नात काय केलं तिनं? नवरी पाह्याच्या आधी एसटीचा टाईम विचारला. वऱ्हाड उतरलं तो जानोसा सोडून स्टँडाजवळ मामेसासूच्या घरी उतरली. म्हणे, परतीची गाडी पायी गाठता आली पाहिजे."

तुलारामनं वर पाहिलं. पहिलं पत्र आलं तेव्हा ती हेच म्हणाली होती, सूप हातात घेऊन, पाखडता पाखडता. तो विसरून गेला होता.

"निजामुद्दीन टेशनाजवळ कोन्ता मोहल्ला आहे?" त्यानं विचारलं.

"भोगल. पण मेळ्याले जाले तासभर लागन."

"लागू दे. टेशनात पायी जाता येते का?"

"येते. वीसेक मिनिटं."

"मंग तेच घे. खालच्या मजल्यावरची खोली पाह्य. तिचे गुडघे..." तो थांबला.

गुड्डीनं खालच्याच मजल्यावरची खोली घेतली.

"पहाडगंजले छोले मस्त भेटतात पण," धनीराम पुटपुटला.

"तू खाऊन आला ना. झालं तं मंग."

"परतीचं, बाबा?"

"मेळा संपते त्याच दिवशीचं." तुलाराम उठला. आतून पहिलं मडकं आणून त्यानं ओसरीवर ठेवलं आणि तोंडाला बांधलेलं फडकं सोडू लागला. "याचं नाव काय व्हय, तुले माहीत आहे का?"

गुड्डीला माहीत नव्हतं. धनीरामलाही नव्हतं.

"पेरल्यावर समजन," तो म्हणाला आणि दुसरं मडकं आणायला आत गेला.