कोण ओरडतं ते बघू

तो हिरवा ठिपका — तांदळाच्या दाण्याहून लहान, सर्व्हरच्या पाठीमागे नेटवर्कची वायर आत शिरते तिथला — लुकलुकायचा, थबकायचा, मग लागोपाठ दोनदा लुकलुकायचा; आणि मैत्री गुडघ्यांवर हात टेकून त्याच्याकडे बघत होती, ह्यातलं कुठलं लुकलुकणं कुरुळीचं असेल ते ओळखता येतंय का म्हणून. ओळखता येणं शक्य नव्हतं, हे तिला माहीत होतं. ह्या एका लोखंडी पेटीत लिनक्स होतं, आणि लिनक्सच्या पोटात आणखी मशिनं — सॉफ्टवेअरची, हात लावता न येणारी, पण प्रत्येकाची समजूत अशी की आपली डिस्क स्वतंत्र, आपली मेमरी स्वतंत्र, ह्या पेटीत आपण एकटेच — आणि बाहेर बोलायला मात्र सगळ्यांना मिळून ही एकच वायर. भोसरी बोलली तरी हाच ठिपका, मोशी बोलली तरी हाच.

नावं अजिंक्यनं ठेवलेली. कंपनीकडून लायसन्सचा एक रुपया न मागता, सगळं ओपन सोर्सवर, त्यानं हे इथे चाकणच्या प्लांटमध्ये उभं केलं होतं आणि मैत्रीला शिकवलं होतं. मशिनांना नावं काय द्यायची म्हणून अडलं तेव्हा त्यानं कंपनीच्या बसचे थांबे घेतले, पिंपरीहून येताना लागतात त्या क्रमानं. भोसरी गेटवरच्या हजेरीचं बघायची, मोशी ड्रॉइंगच्या फायलींचं, चिंबळी फाटा सुटे भाग मोजणाऱ्या एका जुन्या गेजच्या प्रोग्रामचं. कुरुळी काय करायची ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि ही पेटी आज संध्याकाळी उचलून नेणार होते. बाकीची मशिनं तिनं गेल्या आठवड्यातच नव्या सर्व्हरवर हलवायला घेतली होती, एकेक करून, चालू असताना. भोसरी, मोशी आज जायच्या होत्या; अडली होती ती कुरुळी.

"मालक सांग, नाहीतर पुसून टाक," आयटीचे प्रमुख नानासाहेब सकाळीच म्हणाले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. "बेवारशी मशीन मी नव्या सर्व्हरवर घेणार नाही. ऑडिटवाले माझी मानगूट धरतात, तुझी नाही."

"आत जाऊन बघते म्हटलं तर पासवर्ड नाही, नाना. आणि डिस्कला कुलूप घातलंय त्यानं. एकदा बंद केली की परत सुरू होताना परवलीचा शब्द मागणार. तो नसेल तर आतलं सगळं गेलं."

"मग ज्यानं कुलूप घातलं त्याला विचार की. हैदराबादला गेलाय, चंद्रावर नाही."

शेजारच्या टेबलावरचा समर्थ खुर्ची फिरवून म्हणाला, "बोंब टेस्ट करू ना, नाना. थांबवायचं मशीन आणि बसायचं वाट बघत. जो बोंब मारत येईल तो मालक. कुणीच नाही आलं तर समजायचं, कुणाच्या कामाचं नव्हतंच."

"तू गेलास की तुझीही हीच टेस्ट करतो," नाना म्हणाले. समर्थ हसला.

ही रीत जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची. कागदावर जे सापडत नाही ते ओरडण्यातून सापडतं. मैत्री जागेवर आली, यादी काढली. कुरुळीपुढे लिहिलेलं होतं: चालू. तिनं एक ओळ टाइप केली. पुन्हा यादी काढली. कुरुळीपुढे लिहिलेलं होतं: थांबवलेली.

बंद नाही — थांबवलेली. ह्या फरकाचं तिला पहिल्यापासून कुतूहल होतं. बंद होणाऱ्या मशीनला कळतं. ते आवरतं, फायली मिटतं, निरोप घेतं म्हणा. थांबवलेल्याला काहीच कळत नाही. त्याच्या मेमरीतला शब्द अर्ध्यावर असेल तर अर्ध्यावर राहतो, त्याचं घड्याळ त्या क्षणाला चिकटून बसतं, आणि पुढे कधी सोडलं की ते शब्दाचा उरलेला अर्धा भाग उच्चारतं, मध्ये काही झालंच नाही अशा थाटात. कुरुळीच्या लेखी आता दिवसभर सकाळच असणार. बाहेर शिफ्ट बदलेल, ट्रक भरतील, आणि तिथे मात्र… पण तिथे म्हणजे कुठे? थांबलेल्याला आत काही 'तिथे' असतं का? अजिंक्यला हे विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तू मशीनला माणूस करू नकोस, मैत्री. आणि मग स्वतःच बोलत बसला असता, चहा गार होईपर्यंत.

फोन टेबलावर पालथा होता.

खऱ्या कुरुळीला बस अडकायची ती रोजच. पुढे कंटेनरची रांग, डाव्या हाताला टायरचं दुकान, चालकानं इंजिन बंद केलेलं. जयंतीच्या आदल्या दिवशी तशीच अडकली होती. पिंपरीत त्या दिवशी सगळीकडे निळ्या पताका लागलेल्या, तिचे वडील बुद्धरत्न — कारखान्यातून निवृत्त होऊनही पहाटे शिफ्टच्या वेळेला उठणारे — नवा पांढरा सदरा इस्त्री करून बसलेले, आणि ती ते सगळं अजिंक्यला सांगत होती, तर मध्येच तो म्हणाला, "घरी बोलतो मी." काय बोलतो, कुणाबद्दल, हे दोघांपैकी कुणी उच्चारलं नाही. ताथवड्यात त्याचं घर. शेतांच्या जागी आता बावीस-बावीस मजले उभे, पण घर गावठाणातच, आणि ओट्यावर त्याचे वडील भिमाजीअण्णा, ज्यांना ती एकदाच भेटली होती. आडनाव विचारून झाल्यावर ते 'असं व्हय' म्हणाले होते आणि मग बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले होते. तर त्या ओट्यावर जाऊन तो बोलणार होता. तिनं फक्त "कळव" म्हटलं. त्यानंतर त्याला हैदराबादची नोकरी लागली, निरोपाचा केक कापला, आणि त्यानं कळवलं नाही.

आपणही फोन करायचा नाही, असं तिनं ठरवलं तेव्हा ते ठरवणं रागाचं नव्हतं — निदान तिला तसं वाटलं होतं. ते बघणं होतं. मी गप्प झाले तर त्याला जाणवतं का? किती दिवसांनी? मे गेला. जून अर्धा झाला तेव्हा तिला उत्तर मिळालं, आणि मिळालेलं उत्तर तिनं नीट घडी घालून ठेवून दिलं. कुणी ओरडलं नाही. म्हणजे कुणाच्या कामाचं नव्हतं.

गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. प्लांट जरा सैल होता. फोन वाजले ते नेहमीचेच: क्यूएचा, म्हणजे माल तपासणाऱ्यांचा, प्रिंटर कागद खातो, स्टोअरची स्क्रीन निळी झाली. प्रत्येक वेळी ती सावरून बसे — कुरुळीचं असेल — आणि प्रत्येक वेळी नसे. तिनं थांबवण्याआधी कुरुळीच्या वायरीवर कान ठेवून बघितलं होतं: दिवसातून मोजक्या वेळा ती हजेरीच्या मशीनशी, भोसरीशी, काहीतरी बोलायची आणि लगेच त्याहून छोटं काहीतरी एका पत्त्यावर पाठवायची, जो पत्ता नेटवर्कच्या नकाशात नव्हता. कुणाला सांगत होतीस गं? इतकं थोडकं, इतकं नियमित?

"अजून बोंब नाही," समर्थ म्हणाला. "मी जेवून येतो. मेलं तुझं मशीन, कबूल कर."

ती त्याच्यानंतर, उशिरानेच, कँटीनला गेली. शेवटची पंगत कंत्राटी लोडरांची असते. ताटं घेऊन ते उभे होते आणि पुढची पातेली खरवडल्याचा आवाज येत होता. भाजी संपली होती. आमटी इतकी पातळ, की ताटलीचा तळ दिसत होता. कोंडीराम नावाचा एक उंच लोडर भात आणि लोणचं घेऊन बाकावर बसला आणि समोरच्याला म्हणाला, "आज उपास धर, भावा. चतुर्थीचा राहिलाय समज."

"आमचा कसला उपास, राव. ट्रक काय हलका हुनार हाय का त्यानं?"

हसले दोघं. जेवायला लागले. कुणी उठून आत गेलं नाही, कुणी कुणाला बोलावलं नाही.

"सुमनताई, आज कमी पडलं का?" मैत्रीनं विचारलं ते सहजच. सुमनताई कँटीनची बाई, इथल्याच गावातली. पदर खोचून ती पातेली पालथी घालत होती.

"अंदाज चुकला गं बाई. सुट्टी संपली तरी निम्मी मानसं गावालाच असत्याल म्हणलं, तर समदीच आली. चिठ्ठी असती तर असं झालं नसतं."

"कसली चिठ्ठी?"

"ती न्हाई का, डब्यातनं निघती." सुमनताईनं हळदीच्या डब्यांमागं बोट केलं. तिथे दुकानात बिलाला असतो तसला एक जुना छोटा प्रिंटर होता, तेलकट, त्याच्यावर फडकं टाकलेलं. "आज किती जन आत आली, तेवढाच आकडा. कंत्राटी धरून. तेवढं बघायचं आन् डाळ भिजवायची. अजिंक्यनं लावून दिल्याली. मागं एकदा ह्यास्नी असंच भातावर बसावं लागलं, तवा हितं उभा राहून बघत हुता पोरगं. दुसऱ्या हप्त्याला घेऊन आलं ही डबी."

मैत्रीच्या हातातला चमचा ताटलीत तसाच राहिला. म्हणजे भोसरीला विचारायचं, किती जण आलेत. आणि इथे, हळदीच्या डब्यांमागे, एक आकडा. एवढंच. आणि कंपनीच्या कुठल्याच कागदावर नाही, कारण तशी परवानगी कुणी दिलीच नसती.

"मग फोन का नाही केला आम्हाला? नंबर तर भिंतीवरच लावलाय."

"फोन?" सुमनताईला प्रश्नच नीट कळला नाही. "कुनाला करायचा, आन् काय म्हनायचं? पोरगं गेलं तवाच मी म्हणलं, आता ही डबी बी बंद पडनार. इतके दिस चालली ह्येच लई. आज न्हाई निगाली… तर म्हणलं, आला बंद पडायचा दिस. आमटीत पानी वाढवलं."

ओरडतो कोण? ज्याला ओरडल्यावर कुणी येईल अशी खात्री असते तो. क्यूएचा प्रिंटर अडला की क्यूए ओरडतं. मग आमची टेस्ट नक्की काय मोजत होती? मैत्री जिना चढताना हे स्वतःला विचारत होती, आणि विचारताना तिला नानांसमोर काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालू आहे असं वाटत होतं. पण जिन्याच्या वळणावर ती थांबली, कारण जुळवाजुळव नानांसाठी नव्हती. जूनमध्ये घडी घालून ठेवलेलं ते उत्तर… ते कशाचं उत्तर होतं? तो तिकडे गप्प आहे एवढंच तिनं मोजलं होतं. गप्प का, ते मोजायचं साधन तिच्या टेस्टमध्ये नव्हतंच. कदाचित ओट्यावर बोलून आला असेल आणि त्याला जे ऐकावं लागलं ते तिच्यापर्यंत पोचू नये असं वाटलं असेल. कदाचित बोललाच नसेल, आणि मग तिचीही चिठ्ठी येईना तेव्हा म्हणाला असेल, इतके दिवस चाललं हेच खूप. किंवा ह्यातलं काहीच नाही, आणि तो खरोखरच विसरला. हेही असू शकतं. तेही ती नाकारू शकत नव्हती.

"कँटीन?" नाना म्हणाले. "जेवणाच्या आकड्यासाठी अख्खं मशीन? वेडा होता का तो?"

"लोडर आज भात-लोणच्यावर ट्रक भरतायत, नाना. माझ्यामुळे."

नानांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "हलव. चालूच हलव. पण कुलपाची किल्ली नसलेलं मशीन मी ठेवून घेणार नाही. उद्या लाइट गेली, नवा सर्व्हर एकदा रीस्टार्ट झाला, की संपलं. सोमवारपर्यंत परवलीचा शब्द आण त्याच्याकडून. आणि कँटीनवाल्यांकडून चार ओळी लिहून घे." मग चष्मा परत लावत, "नंबर आहे ना त्याचा?"

"आहे."

तिनं कुरुळी सोडली, आणि सोडल्यावर पुढची आज्ञा दिली. आधी डिस्कची नक्कल गेली. मग मेमरी निघाली, तुकड्या-तुकड्यानं. आणि ह्याचं तिला प्रत्येक वेळी नवल वाटायचं — जाता जाता जेवढी बदलली तेवढी पुन्हा पाठवायची, तेवढ्यात आणखी जी बदलली ती पुन्हा, बदल इतका थोडा उरेपर्यंत की पापणी लवेल एवढ्या अवधीत तो पलीकडे ठेवता येईल. मग इकडे थांबते, तिकडे जागी होते. कुठल्या क्षणी ती इथली नसते आणि तिथली असते? समर्थ मागून वाकून बघत होता. "गेली?" "गेली." यादीत, नव्या सर्व्हरच्या, कुरुळीपुढे लिहिलं होतं: चालू.

पेटी न्यायला माणसं आली तेव्हा पहिल्या शिफ्टची बस निघून गेलेली होती. पुढच्या बसला अवकाश होता. गेटबाहेर चहाची टपरी, धूळ, उलट्या दिशेनं घुसणारे दुचाकीवाले. तिनं फोन काढला आणि त्याचं नाव उघडलं. विचारायचं काय ते ठरलेलं होतं, कामाचं होतं, एका वाक्याचं: कुरुळीचा परवलीचा शब्द हवाय. त्याच्यानंतर मात्र तो काहीतरी म्हणेल, आणि तो काय म्हणेल हे ती मनात लावून बघायला लागली, रोज लावायची तसं — त्याचा आवाज, मधली शांतता, कोरडं 'मेसेज करतो' — पण आज ते लागेना. एक लागलं की त्याच्या शेजारी दुसरं तितकंच खरं वाटणारं उभं राही. तिला माहीत नव्हतं. जून अर्धा झाल्यापासून तिला सगळं माहीत होतं, आणि आता ती इथे टपरीसमोर उभी होती आणि तिला खरंच माहीत नव्हतं, आणि ह्या माहीत नसण्याची भीती वाटायला हवी होती तर त्याऐवजी छातीत काहीतरी उघडंउघडं, थोडं थंड, जवळजवळ उत्सुक असं होतं; तिनं त्याचं नाव दाबलं, आणि तिकडे घंटी वाजायला लागली…