नाकाखालचा आरसा

मी मुठीचा एक जुना आरसा आहे, मित्रांनो. माझ्या काचेवर आता दोन चरे आहेत आणि मूठ एकदा तुटून चिकटवलेली आहे; पण एके काळी माझा रुबाब काही औरच होता. काचेच्या कारखान्यातून मी थेट एका सलूनमध्ये आलो. केस कापून झाले की मालक मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरत. "वा, झकास!" असे गिऱ्हाईक म्हणे. ते कात्रीचे कौतुक असे, पण मी आपला ते स्वतःकडे घेत असे.

गरम पाण्याच्या वाफेने मी धुरकटलो की मला भारी लाज वाटे. त्यावर मालकांकडे नामी उपाय होता. ओल्या बोटावर साबण घेऊन ते माझ्या काचेवर चोळत आणि कोरड्या फडक्याने लख्ख पुसत. मग कितीही वाफ येवो, माझ्यावर ठिपकासुद्धा उमटत नसे.

पुढे मालक थकले, सलून बंद झाले आणि माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. कित्येक वर्षे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. फार वाईट दिवस होते ते.

मला बाहेर काढले ते मालकांच्या नातीसाठी. छकुलीला जन्मापासून नीट ऐकू येत नव्हते. कानात यंत्र होते, पण त्यातून आवाज अर्धेमुर्धेच पोचत. घराजवळच्या शाळेने तिला मुलाखतीला बोलावले होते. मुख्याध्यापिकांची अट एकच होती: मुलीने वर्गाला समजेल असे निदान 'गुड मॉर्निंग' म्हणावे. 'गुड' जमत होते. 'मॉर्निंग'चे मात्र दरवेळी 'बॉर्डिग' होई.

"म म्हणताना हवा नाकातून येते," बोलायला शिकवणाऱ्या ताई तिच्या आईला म्हणाल्या. "आरसा नाकाखाली धरा. धुरकटला तर म, कोरा राहिला तर ब. तिला नीट ऐकू येत नाही ना, मग दिसू दे."

आणि मित्रांनो, ज्या धुक्याची मला आयुष्यभर लाज वाटली, त्याचीच मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहू लागलो! तीन महिने रोज तेच. "परत म्हण," अशी आई खूण करी. छकुली रडकुंडीला येई, मला आपटे. माझी मूठ तेव्हाच तुटली. मग एका दुपारी माझ्या काचेवर बोटभर धुके आले. छकुली त्याकडे पाहतच राहिली. त्या दिवशी तिने मला कुणाला पुसू दिले नाही.

मुलाखतीची सकाळ उजाडली. नातीचा एवढा मोठा दिवस, तेव्हा आरसा कसा लख्ख हवा, असे आजोबांच्या मनात आले. सवयीने त्यांचा हात साबणाकडे गेला. "नको, मालक, नको!" मी मनातल्या मनात ओरडलो. पण आरशाचे ऐकतो कोण?

शाळेच्या कचेरीत मुख्याध्यापिकांसमोर छकुली उभी राहिली. मागे आई आणि आजोबा. छकुलीने मला नाकाखाली धरले.

"गुड मॉर्निंग," ती म्हणाली. अगदी स्वच्छ! मुख्याध्यापिका हसल्यासुद्धा. पण छकुली त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी ठार कोरा होतो.

तिने मान हलवली. पुन्हा म्हणाली. मी कोराच. तिसऱ्यांदा ती घाईने बोलली आणि आता खरोखरच 'बॉर्डिग' झाले. बरोबर होते गं आधीचे, असे आईने हातवारे करून सांगितले. पण तिचा भरवसा आईपेक्षा माझ्यावर होता. तिने ओठ घट्ट मिटले. मला फुटून जावेसे वाटले.

"अशी गप्पच राहिली तर वर्गात कसं व्हायचं हो तिचं?" मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या आणि त्यांनी समोरचा अर्ज बाजूला सरकवला.

तेवढ्यात आजोबांनी कपाळावर हात मारला. "बाई, चूक माझी आहे! मी साबण चोळला त्याला. मेली दुकानातली सवय! आता वाफ धरायचाच नाही तो."

मुख्याध्यापिका उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या आणि छकुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी तिच्या नाकाखाली धरला. छकुलीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा चष्म्याकडे.

"गुड मॉर्निंग."

चष्म्याच्या दोन्ही काचा धुरकटल्या. छकुली खुदकन हसली. मुख्याध्यापिकांनी चष्मा तसाच, न पुसता डोळ्यांवर चढवला आणि "अर्ज कुठं गेला बाई तो?" म्हणत त्या टेबलावर चाचपडू लागल्या.

घरी येताच आजोबांनी मला साध्या पाण्याने तीनदा धुतले. आता छकुली शाळेत जाते. सध्या आमची गाडी म आणि ब जोडीने येणाऱ्या 'नंबर' या शब्दावर अडली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण आज त्या कुणाच्या काय कामाच्या आहेत हे आधी विचारा. आणि कधी एखादा आरसा धुरकटलेला दिसला, तर तो लगेच पुसू नका. कुणीतरी मोठ्या कष्टाने नुकतेच काही बोलले असेल.